राजेशमची दहा बोटं

आधीच सांगून टाकते, मी काही चांगली बाई नाही. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, तिथं मी कामगारांची हजेरी, रजा, भांडणं आणि सरकारी फॉर्म बघते. नाव भुवनेश्वरी. कामगार तोंडावर मॅडम म्हणतात, मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, आणि त्यात फारसं खोटं काही नाही. सतरा वर्षं झाली या खुर्चीवर. एवढ्या वर्षांत एकालाही मी रडून रजा मिळू दिलेली नाही.

गोष्ट राजेशमची आहे. आमच्या शेडमधला सगळ्यात जुना विणकर. भवानी पेठेत राहायचा, घरात तेलुगू बोलायचा, मागावर मराठी आणि चिडला की दोन्ही एकदम. वय सत्तावन्न. रिटायर व्हायला तीन वर्षं राहिलेली. कुणी नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत राजेशम त्याच्यापुढं दोन्ही पंजे उघडायचा.

"मोज," म्हणायचा. "दहा हायत. माझ्या बापाची सात व्हती, चुलत्याची आठ. मागानं खाल्ली. मी दहाच्या दहा घिऊन घरी जाणार."

हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की त्याच्या त्या दहा बोटांचा मला वीट आला होता. पण खरं सांगायचं तर त्या माणसाला दुसरं काही नकोच होतं. बढती नको, पगारात वाढ माग म्हटलं तर लाजायचा. दहा बोटं घेऊन घरी जायचं, एवढंच.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लाईट गेली की चाळीस माग एका दमात गप्प होतात. मग विणकर बसून राहतात व्हय? कुणी तुटलेले धागे बांधतो, कुणी मागाच्या बाजूची दात्यांची चाकं असतात त्यात अडकलेला कापूस उपसतो. नियमानं मागाचं हँडल सोडून, म्हणजे माग मोटरीपासून तोडून, मगच हात घालायचा. पण हँडल सोडलं की लाईट आल्यावर परत माग लावत बसा, म्हणून कुणी सोडत नाही. तेव्हा शेडचा मेन स्विच एकाच माणसाच्या ताब्यात असतो. लाईट आली की त्यानं आधी हाळी द्यायची आणि मग मेन चढवायचा. बावीस वर्षं हे काम राजेशमकडं होतं.

"हात काढाऽऽ! चेतुलु तिय्यंडीऽऽ! हाथ निकालोऽऽ!"

शेडमध्ये जेवढ्या भाषा, तेवढ्या भाषांत. रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जायचं. आणि नुसतं ओरडून थांबायचा नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचा, एकेका मागाशी वाकून हात बघायचा, मग परत येऊन मेन चढवायचा. दोन-तीन मिनिटं जायची त्यात. आमचे मालक, सिद्धलिंग मालक, काचेतून बघून चरफडायचे. पण बावीस वर्षांत त्या शेडमध्ये कुणाचं नखसुद्धा मोडलं नाही, म्हणून गप्प बसायचे. तो एवढ्या मोठ्यानं का ओरडतो आणि ओरडून झाल्यावर पुन्हा एवढा वाकून का बघतो, हा प्रश्न मात्र आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये टॉवेल घेणाऱ्या परदेशी ग्राहकाचं पत्र आलं. दिव्यांगांच्या हक्काचा कायदा तुम्ही पाळता का, जानेवारीत आमचा माणूस येऊन तपासेल. समान संधीचं धोरण लिहून भिंतीवर लावलंय का, ते बघायला अधिकारी नेमलाय का, दिव्यांग कामगारांची नोंदवही आहे का, त्यांना काय सोयी दिल्या, भेदभाव होतो का. चार पानं होती. मालकांनी मला बोलावलं.

"भेदभाव?" मालक म्हणाले. "आपल्याकडं एकपण दिव्यांग माणूस न्हाई. मग भेदभाव करणार कुणासंगं?"

हे ते चेष्टेनं म्हणाले नाहीत, बरं का. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आणि दिव्यांग माणूस का नव्हता, तर मी ठेवत नव्हते म्हणून. त्याच वर्षी जूनमध्ये वळसंगची एक मुलगी अकाउंट्सच्या जागेसाठी आली होती, ऋतुजा नावाची. एम.कॉम., एका पायात कॅलिपर. मी तिला खालीच गाठून सांगितलं, ऑफिस वरच्या मजल्यावर आहे बाई, तुला झेपायचं नाही. ती म्हणाली, मॅडम, मी रोज एसटी चढते की. मी म्हटलं, एसटी वेगळी. तिची फाईलसुद्धा उघडली नाही मी.

मालकांनी पुण्याचा एक सल्लागार लावला. तो फोनवरच म्हणाला, "नोंदवहीत एक तरी नाव लागेल. पण नवीन माणूस कशाला घेता? रॅम्प आला, संडास बदलणं आलं. आहेत त्यातलाच एखादा शोधा. मागावरचे म्हातारे असतील ना? कान बघा त्यांचे."

कान कसे बघायचे? दवाखान्यात रांग लावली असती तर सगळ्यांना सुगावा लागला असता. मी माझी युक्ती केली. चहाच्या सुट्टीत माणसं ओळीनं बसलेली असताना मागून गेले आणि स्टीलचं ताट उभंच्या उभं फरशीवर सोडलं. ओळच्या ओळ दचकली. कासीमच्या, म्हणजे राजेशमच्या शेजारच्या विणकराच्या, हातातला चहा मांडीवर सांडला आणि त्यानं मला तोंडावर नाही पण ओठांत शिवी दिली. राजेशम शांतपणे बिस्कीट बुडवून खात होता.

मला आनंद झाला. काय लपवायचं? सापडला एकदाचा, असंच वाटलं.

वर बोलावून घेतलं. समोर बसवून, ओठ नीट हलवून विचारलं, किती दिवसांपासून?

त्याचा चेहरा पडला. "धा-बारा वर्सं झाली, अम्मा," म्हणाला. "मागाच्या आवाजानं गेलं. हितं कुणाला काय ऐकू येतंय? सगळीच हातानं न् ओठानं बोलत्यात. म्हणून निभलं. कुणाला सांगू नका. मागावरनं काढतील मला."

"काढत नाही हो. उलट मान मिळेल," मी म्हटलं.

"मान नगं. माग ऱ्हाऊ द्या."

सल्लागाराला कळवलं तर तो उडालाच. कामामुळं कान गेला असं लिहिलंत तर मेलात, म्हणाला. चाळीसच्या चाळीस विणकर उद्या कान धरून दारात उभे राहतील. आवाज मोजा, कानात घालायचे बोळे द्या, भरपाई द्या. जन्मापासून लिहा.

सरकारी दवाखान्यात मी स्वतः घेऊन गेले त्याला. रिक्षातच बजावलं, तोंड उघडायचं नाही, जन्माचा बहिरा असा घडाघडा बोलत नसतो. आत तरुण डॉक्टरीण होती. पोरगी नीट काम करत होती, तिच्याकडं बोट दाखवायला जागा नाही. कानाला यंत्र लावून तपासलं, मग फॉर्म पुढं ओढून विचारलं, "काय काम करतात हे?"

"पॅकिंगला आहेत," मी म्हटलं.

"आणि कधीपासून ऐकू येत नाही?"

"जन्मापासून."

राजेशम माझ्या ओठांकडं बघत होता. त्यानं शब्द वाचला ते मला दिसलं. तो पायाशी बघत बसून राहिला.

बाहेर आल्यावर उसाच्या रसाच्या गाड्यापाशी तो थांबला. "जन्मापासून म्हणालात तुमी," म्हणाला. "माझी आई तीन गल्ल्या लांबनं हाक मारायची, अम्मा. अन् मी पळत जायचो. आता वारली ती, न्हाईतर तुमच्या झिंज्या धरल्या असत्या."

"तेव्हा ऐकू यायचं ना? मग झालं की," मी म्हटलं. "आता येतंय का?"

हे मी बोलले. एवढंसुद्धा थांबले नाही. तो रसाचा ग्लास तसाच गाड्यावर ठेवून चालायला लागला.

दिव्यांगाचं कार्ड आलं. नोंदवहीत पहिलं नाव पडलं. समान संधीचं धोरण मी इंटरनेटवरून उतरवलं, कुठल्या तरी मोठ्या हॉटेलचं होतं. हॉटेल काढून कारखाना घातला, पाहुणे काढून कामगार घातले, खाली अधिकारी म्हणून माझं नाव. तक्रार करायची तर माझ्याकडं. बघा म्हणजे, तक्रार माझ्यावर आणि ऐकणारीही मीच.

तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, मालकांनी गेटवर दहा फुटी फ्लेक्स लावला. सोलापुरात वाढदिवसाला फ्लेक्स, निवडीला फ्लेक्स, आम्ही कशाला मागं राहू? फोटोग्राफरनं राजेशमला सांगितलं, काहीतरी करा हातानं. त्यानं काय करावं? दोन्ही पंजे उघडून कॅमेऱ्यापुढं धरले. दहा बोटं. वर लिहिलं, 'जन्मतः कर्णबधिर, तरीही जिद्दीनं उभा! आमच्या परिवाराचा अभिमान.' बाजूला मालकांचा फोटो, राजेशमच्या दुप्पट. भवानी पेठेतली माणसं मुद्दाम बघायला आली. ज्यांच्याबरोबर तो लहानपणी गोट्या खेळला ती माणसं विचारायला लागली, काय रे, तू जन्मापासनं कधी झालास? मालकांचा हुकूम होता, कारखान्यात बोलायचं नाही, ग्राहकाचा माणूस कधीही टपकेल. तर हा गेटवर सगळ्यांपुढं नुसता खाली मान घालून उभा. चहाच्या सुट्टीत पंजे उघडणंही त्यानं बंद केलं.

मग सल्लागारानं हाळीचा मुद्दा काढला. "जन्माचा बहिरा माणूस तीन भाषांत ओरडतो, हे ऑडिटरला कसं पटवणार? काढून घ्या ते काम. धोरणात घाला, दिव्यांग कामगाराला जोखमीच्या जबाबदारीतून मुक्त केलंय. गुण मिळतात त्याला."

मेन स्विच गुफरानला दिला. तो आमचा वायरमन, तिशीचा, कामाला चपळ. राजेशमला मी वर बोलावून सांगितलं. महिन्याभरात पहिल्यांदा त्याचा आवाज चढला.

"मी वरडत न्हाय मॅडम, मी बघतो! वरडणं लोकांसाठी हाय. मला काय ऐकू येत न्हाय म्हणून तर मी समद्यांचं हात बघत फिरतो. आता गुफरान वरडल तवा माझा हात आत असला तर मला कसं कळायचं? आजवर मेन माझ्याच हातात व्हता, म्हणून माझी बोटं ऱ्हायली."

खरं होतं. लख्ख खरं होतं. आणि मला त्याचा राग आला, कारण माझं सगळं टाईप करून झालं होतं.

"तुमच्यासाठी दिवा लावतोय," मी म्हटलं. "लाल. थेट तुमच्या मागावर. गुफराननं बटण दाबलं की पेटेल, मग हात काढायचा."

दिवा लागला. छान मोठा, पोलिसांच्या गाडीवर असतो तसा गोल. गुफराननं शेडच्याच लाईनवरून, मेनच्या पुढून, वायर ओढली आणि शिडीवरून उतरून माझ्याकडं आला.

"मॅडम, लाईटच नै तो बत्ती कैसी जलती?"

 लाईट गेल्यावर लाईट येतेय हे सांगणारा दिवा, आणि तो चालणार लाईटवर! मालक, सल्लागार, मी, इतकी शिकलेली डोकी, आणि हे वायरमननं दाखवून दिलं. मी मालकांना सांगितलं. ते आधी हसले. मग म्हणाले, "बॅटरीचा घ्यायला पायजे होता की. जाऊ दे, फोटोत काय कळतंय. ऑडिट होऊ दे, मग बदलू."

म्हणजे मला माहीत होतं. न कळत झालं असं मी कुणालाही सांगणार नाही. माहीत होतं.

तरी राजेशम महिनाभर वाचला, ते कासीममुळं. गुफराननं हाळी दिली की कासीम शेजारून हात लांब करून त्याच्या खांद्यावर थाप मारायचा. राजेशम हात काढायचा. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, त्यांचं त्यांनी केलेलं. तेवढ्यावर सगळं चाललं असतं. पण मी आहे ना.

ऑडिटच्या आधी मी धोरण परत वाचलं. हॉटेलवाल्यांनी लिहिलेलं एक वाक्य त्यात होतं, दिव्यांग व्यक्तीला तिच्या परवानगीशिवाय स्पर्श करू नये. ऑडिटरनं कासीमला थाप मारताना बघितलं तर? एक तर नियम मोडला, आणि दुसरं, एवढा दिवा असताना थाप कशाला, असं विचारलं तर? मी कासीमला बोलावून कागद हातात दिला. यापुढं अंगाला हात लावायचा नाही, लावला तर भेदभाव धरला जाईल, कारवाई होईल. सही कर.

"मॅडम, खांद्याला हात लावतो मी. गळा न्हाई दाबत," कासीम म्हणाला.

"सही कर."

त्यानं सही केली. इतक्या जोरात केली की कागद फाटला. दुसऱ्या प्रतीवर परत घेतली मी. तेव्हापासून लाईट गेली की राजेशम मान वळवून वळवून कासीमचे हात बघत काम करायचा.

जानेवारीत ऑडिटर आला. बंगळूरचा, पोरगेलासा, बूट चकचकीत. धोरण वाचलं, फ्लेक्सपुढं फोटो काढला, शेडमध्ये येऊन दिव्याचं बटण दाबलं. लाईट होती, दिवा झकास पेटला. "फार सुंदर," म्हणाला. मग राजेशमपुढं वही धरून त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलं, तुम्ही इथं समाधानी आहात का? राजेशमनं ते वाचलं, मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं अंगठा वर केला. त्या विभागात आम्हाला पैकीच्या पैकी गुण पडले. मालकांनी सगळ्या शेडला जिलेबी वाटली, राजेशमला दोनदा. बॅटरीचा दिवा आणायची मी फेब्रुवारीत एकदा आठवण केली. "पुढच्या ऑडिटच्या आधी बघू," मालक म्हणाले. मी परत काढलं नाही.

बारा मार्च. सकाळचे साडेअकरा. मी रजेचे अर्ज गोळा करायला शेडमध्ये उतरले होते आणि लाईट गेली. माग थांबले, कानात एकदम पोकळी झाली. माणसं आपापल्या मागात वाकली. मी शेवटच्या ओळीत कुणाशी तरी रजेवरून वाद घालत होते. पाचेक मिनिटं गेली असतील.

"लाईट आयी! हात काढा रेऽऽ! हाथ निकालोऽऽ!" गुफराननं हाळी दिली. हाळी देणं त्याचं काम. फिरून हात बघायचं कुणी त्याला सांगितलं नव्हतं, मी लिहिलेल्या धोरणात ते नव्हतंच.

सगळे सरळ झाले. एक पाठ वाकलेलीच होती. राजेशम आमच्याकडं पाठ करून दात्यांच्या चाकात उजवा हात घालून कापूस उपसत होता. मला दिसलं. कासीमलाही दिसलं. कासीमचा हात खांद्याकडं निघाला आणि अर्ध्यावर आला तसा अडला. क्षणभरच. त्यानं माझ्याकडं बघितलं. अय्यो देवा, त्या वेळी त्यानं माझ्याकडं बघितलं!

मी ओरडले. "राजेशम!" बहिऱ्याला हाक मारली मी. आणि जन्मात पहिल्यांदा मी त्याला अशी जीव तोडून हाक मारली.

गुफराननं मेन चढवला.

चाळीस माग एकदम सुरू झाले. त्या आवाजात राजेशमची किंकाळी कुणालाच ऐकू आली नाही, नुसतं उघडं तोंड दिसलं. आणि त्याच्या डोक्यावर तो लाल दिवा पेटला. गुफराननं हाळीच्या आधीच बटण दाबून ठेवलं होतं, सांगितल्याप्रमाणं. मेन चढला तसा दिवाही आला. छान गरगर फिरत होता.

उजव्या हाताची तीन गेली. अंगठ्याशेजारची तिन्ही.

कासीमनं आपला शर्ट काढून हात बांधला, उचलून रिक्षात घातलं. मी पुढं झाले तर म्हणाला, "हात नका लावू मॅडम. कारवाई होईल." मी मागं सरले. 

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला बसवून घेतलं. त्यांचा चेहरा उतरलेला होता, तसे ते राक्षस नाहीत. दवाखान्यात फळं घेऊन जाऊन आले होते. पण बोलायला लागले तेव्हा नेहमीसारखंच बोलले.

"आपल्याकडं लेखी काय काय हाय? धोरण हाय. दिवा हाय, ऑडिटरनं स्वतः दाबून बघितलेला. हाळी दिली, एकोणचाळीस माणसांनी हात काढला. एकट्यानं काढला न्हाई. मग कारण काय लिहायचं? कामगाराचा निष्काळजीपणा. आणि त्याला काढू नका हां. उलट आता दोन प्रकारचं अपंगत्व झालं की त्याचं. नोंदवहीला चांगलं. गेटवर खुर्ची द्या." मग खिडकीतून बाहेर बघून म्हणाले, "तो फ्लेक्स बदला तेवढा. बोटं दिसत्यात त्यात."

फ्लेक्सवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काही अवघड नाही मॅडम. हात कापतो, फक्त चेहरा घेतो." मी फोन ठेवला. मग त्याला फ्लेक्सचा नवा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप केला.

तीन आठवड्यांनी राजेशम आला. हाताला पांढरं बांधलेलं, दाढी वाढलेली. अपघाताचा फॉर्म भरायचा होता, त्यावर पुढची भरपाई की पेन्शन काय ती ठरणार होती. तो माझ्यासमोर बसला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले, पंजे वर करून, अगदी फोटोत धरले होते तसे. मी नको नको म्हणताना माझे डोळे मोजायला लागले.

"सात," तोच म्हणाला. आता त्याला बोलायला कुणी मना करत नव्हतं. "बापाएवढी झाली."

मी खाली मान घालून लिहायला लागले. नाव. वय. पत्ता, भवानी पेठ. अपंगत्वाचा प्रकार. पुढचा रकाना आला आणि सतरा वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "कधीपासून?"

त्यानं माझे ओठ वाचले. 

"लिवा की," म्हणाला. "जन्मापासून."

आवाज चढलेला नव्हता, टोमणाही वाटला नाही. जणू आता माझ्याकडून तेवढंच व्हायचं, हे तो धरून आला होता. माझ्यानं पेन पुढं सरकवेना. तिथं खरं लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. दिवा लाईटवर चालतो, मला माहीत होतं, थाप मी बंद केली, कान मागानं गेला. चार ओळी. माझ्या पोरीची फी डोळ्यापुढं आली, खुर्ची डोळ्यापुढं आली. मी तारीख टाकली, बारा मार्च. खाली कारणाच्या रकान्यात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा.

राजेशमला ओठ वाचता येतात तशी अक्षरंही वाचता येतात. त्यानं माझ्या समोरूनच, उलट्या बाजूनं, सावकाश वाचलं.  सहीसाठी मी पेन पुढं केलं आणि मग माझ्या लक्षात आलं. त्यानं डाव्या हातानं शाईचा पॅड ओढला, डावा अंगठा त्यात बुडवला आणि कागदावर दाबला. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती, तिथं मी माझी सही केली.